सोनकांबळे काकांची चाचणी

बहुतेक माणसं कुणाच्या नव्या घरी गेली की आधी हॉल बघतात, मग किचनचा ओटा, मग गच्चीवर जाऊन दिसतं काय ते. आमचे शेजारी सोनकांबळे काका थेट बाथरूममध्ये जातात आणि आतून कडी लावून घेतात.

मला हे पहिल्यांदा कळलं ते आमच्याच वास्तुशांतीला. आम्ही मूळचे लातूरचे. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले, नवऱ्यानं बदली करून घेतली आणि इथंच घर बांधलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, होमाचा धूर अजून डोळ्यांत, पंगत बसायची वेळ झालेली. शेजारचे हे काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, न्हानी कुठं हाय?" मी बोट दाखवलं. काका गेले ते गेलेच. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि ओव्याची डबी पुढे केली. "बिचाऱ्यांचं पोट बिघडलेलं दिसतंय. वांग्याची भाजी वाढू नकोस त्यांना." नवऱ्यानं दारावर टकटक केली. "काका, ठीक आहे ना सगळं?"

"ठीक न्हाई!" आतून आवाज आला. "अजिबात ठीक न्हाई!"

दार उघडलं. काका शॉवरखाली गुडघ्यांवर बसलेले, पँट वर दुमडलेली. हातात आमच्याच वास्तुशांतीची पत्रिका होती. भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथल्या फटीत त्यांनी पत्रिकेचा कोपरा घातला होता आणि तो चांगला आत गेला होता.

"कोपऱ्यात ग्राउट कोणी भरलं?" त्यांनी विचारलं. सूर असा होता की सासूबाईंनी ओव्याची डबी पदराखाली लपवली.

ज्यांनी घर बांधलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टाइल्सच्या मधल्या रेघांत भरतात तो सिमेंटसारखा माल म्हणजे ग्राउट. वाळला की दगड. आणि गनमधून दाबून काढतात ते सिलिकॉन. ते वाळलं तरी रबरासारखं दबतं, ताणलं जातं. आमच्याकडचे मिस्त्री सगळीकडं ग्राउट नाहीतर व्हाइट सिमेंट फासून मोकळे होतात. काकांना हे पाप वाटतं. त्यांचा कायदा एका दमात सांगता येतो. "एका भिंतीतल्या दोन टाइल्स असल्या तर ग्राउट. दोन भिंती भेटल्या, न्हाईतर भिंत आन् फरशी भेटली, तर सिलिकॉन. बाकी सगळं खामखा."

"पण काका, भिंत काय पळून जाणार आहे का?" मी त्या दिवशी विचारलं.

"सगळं हालून राहिलं, ताई," काका म्हणाले. "तुम्हाला दिसून न्हाई राहिलं, एवढंच."

नंतर मला त्यांचं म्हणणं पटलं. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते, आणि वरचं घर तिच्याबरोबर गुपचूप खालीवर होतं. काकांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. हदगाव-हिमायतनगरकडच्या कालव्यांवर त्यांनी काळ्या मातीनं काँक्रीटचे थर पापडासारखे मोडलेले बघितले होते. कुठल्या सांध्यातून पाणी पाझरतं हे बघत फिरायचं, हेच त्यांचं काम. सेवानिवृत्तीनंतर कालवा राहिला नाही, पाझर बघायची सवय मात्र गेली नाही. मग त्यांनी लोकांच्या बाथरूमांकडं मोर्चा वळवला.

त्यांच्या खिशात कायम एक लग्नपत्रिका असते. आमच्याकडं लग्नसराई आणि जमिनीच्या भेगा एकाच वेळी येतात, त्यामुळं मापायच्या साधनाचा तुटवडा पडत नाही. "पत्रिका आत गेली तर सिलिकॉन. न्हाई गेली तरी सिलिकॉन, मे महिन्यात जाईल."

"मग पत्रिका घालायचीच कशाला?"

"मालकाची खात्री पटाया पाहिजे ना!"

पाहुण्यांनी ओढून पंगतीत बसवल्यावर काकांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी गन घेऊन हजर. जुन्या करवतीच्या पात्यानं कोपऱ्यातलं ग्राउट खरवडून काढलं, कोपरा फडक्यानं पुसून कोरडा केला, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, सिलिकॉनची एक सलग वळी ओढली आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून तिच्यावरून असं फिरवलं की बघत राहावं. मजुरीचं नाव काढलं तर रागावले. आम्ही शॉवर बसवला तो निव्वळ हौसेपोटी. लातूरच्या माणसाला शॉवर ही चित्रात बघायची वस्तू, अंघोळ बादलीनंच. मी तसं म्हटल्यावर काका म्हणाले, "पाणी शॉवरचं का बादलीचं, कोपऱ्याला काय कळून राहिलं?"

बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात काकांसाठी वेगळी खुर्ची आहे, पण ती दुकानाबाहेर. मालक त्यांना बघितल्याबरोबर चहा बाहेर पाठवतो, कारण काका आत आले की गिऱ्हाइकाला विचारतात, "कोपऱ्यासाठी घेऊन राहिले का सपाटीसाठी?" आणि निम्मा माल परत ठेवायला लावतात. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला शिरूर अनंतपाळला गेले. पोह्यांच्या आधी हात धुवायला म्हणून आत गेले आणि परत येऊन भावाच्या कानात म्हणाले, "कोपऱ्याला सिलिकॉन हाय. माणसं समजदार हायेत. होकार द्या." मुलीला कुणी फारसं काही विचारलंच नाही. आज त्या सुनेचं सगळे कौतुक करतात, आणि काका प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगतात.

काकांच्या पत्नी शकुंतलाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्या. सगळी कॉलनी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते, काकासुद्धा. बाई ताठ बसतात, ताठ चालतात, आणि कुणी हात धरून पायरी उतरवायला गेलं तर त्याच्याकडं अशा बघतात की त्याला आपला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. काकांच्या नादाबद्दल त्या कधी तक्रार करत नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्यांची माणसं पत्त्याला बसतात. आमचं हे गुडघ्यावर बसतं."

एका वर्षी मी बाईंबरोबर कैरीचं लोणचं घालायला त्यांच्याकडं गेले. हाताला तेल, मसाला, हळद. हात धुवायला म्हणून मी त्यांच्या बाथरूममध्ये शिरले आणि बघतच राहिले. साऱ्या नांदेडचे कोपरे बुजवणाऱ्या माणसाच्या घरात शॉवरखालचा कोपरा उघडा! अर्ध्या लांबीत ग्राउट, तेही तडकलेलं. उरलेल्यात पिवळं पडलेलं सिलिकॉन, तेही एका टोकाला सुटलेलं. मधे एवढी फट, की पत्रिका काय, पाकिटासकट गेली असती.

मी बाहेर येऊन विचारलं. काका पेपरात बघत म्हणाले, "चाचणी चालू हाय."

"कसली?"

"ग्राउट का सिलिकॉन, याची."

"पण ते तर तुम्ही जगाला एका वाक्यात सांगता!"

"जगाचं वेगळं. इथली माती वेगळी."

आमच्या दोन घरांमधे एक कंपाउंडची भिंत आहे. माती वेगळी असायला मधे निदान एखादा तालुका तरी पाहिजे. मी बाईंकडं बघितलं. त्या कैरीच्या फोडींना मीठ लावत होत्या. "विचारू नका," त्या म्हणाल्या. "सरकारी काम हाय ते."

मला चैन पडेना. मी स्वभावानंच चौकस. पुस्तक जागेवर नसलं तर ते कुणाकडं आहे हे कळेपर्यंत मला जेवण जात नाही, मग हे कोडं सुटल्याशिवाय कसं राहवेल? मी लक्ष ठेवायला लागले. त्यांच्या बाथरूमची खिडकी माझ्या स्वयंपाकघरासमोर येते. रोज सकाळी माझ्या पोळ्या चालू असताना तिथून पाण्याचा आवाज यायचा आणि मागोमाग काकांचा.

"बाई, पाणी कोपऱ्यात थांबून राहिलं का?"

"न्हाई."

थोडा वेळ पाण्याचा आवाज.

"आता?"

"आता थांबलं."

"साबणाचं का साधं?"

"साबणाचं."

बाईंची अंघोळ संपेपर्यंत हे चालायचं. एखाद्या बाईला सुखानं अंघोळही करू न देणारा नवरा! मला बाईंची कीव यायची. एवढं मात्र लक्षात आलं होतं, की कालव्याच्या पाझराची ओळनओळ लिहून ठेवणारा माणूस या चाचणीचं एक अक्षर कागदावर उतरवत नव्हता.

मग मागच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला. बाथरूमच्या पलीकडं त्यांचा हॉल. त्या भिंतीला ओल आली होती आणि रंगाचे पोपडे सुटले होते. प्रशांतनं एका नजरेत कारण ओळखलं, शेवटी मुलगा कुणाचा! "बाबा, उद्या सांधा भरून टाकू," तो म्हणाला. काका म्हणाले, पाऊस पडून माती बसू दे. मग म्हणाले, बाजारात नवा माल येणार आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गनच हरवली. गन बाईंना ज्वारीच्या कोठीत सापडली, भाकरीसाठी ज्वारी काढताना. त्यांनी ती पुसून टेबलावर ठेवली.

प्रशांत वैतागून माझ्याकडं आला. "ताई, तुम्ही समजावा. बाकीच्यांचे कोपरे भरायला हे पहाटे उठून जातात आणि घरची भिंत सडवून राहिले. वय झालं म्हणून असं होतं का? मला काळजी वाटून राहिली."

संध्याकाळी काका कंपाउंडपाशी पाइपनं कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी भिंतीच्या अलीकडून सरळ विचारलं, "काका, खरं सांगा. तुम्हाला तो सांधा भरायचाच नाही ना?"

काकांनी मागं वळून घराकडं बघितलं. बाई आत टीव्हीवर बातम्या बघत होत्या.

"दोनेक वर्षं झाली," काका हळू आवाजात म्हणाले. "बाई न्हानीत पडली, ताई. चक्कर आली. आतून कडी. मी हॉलात टीव्ही बघून राहिलो होतो, मोठ्यानं. ती आवाज देऊन राहिली अन् मला ऐकूच न्हाई आलं. मधी जाहिरात लागली म्हणून मी आवाज कमी केला, तव्हा ऐकू आलं."

तोटी कढीपत्त्याबाहेर कधी गेली ते त्यांच्या लक्षात आलं नाही. पाणी नुसतं वाटेवर पडत होतं.

"जाहिरात लागली नसती तर?" ते म्हणाले.

मी भिंतीजवळ सरकले.

"हाताला धरायला दांडी बसवली, पायाखाली रबराची चटई टाकली. ते सगळं चाललं तिला. कडी लावू नको म्हणलं, न्हाई ऐकलं. एक दिवस मी स्टूल घेऊन दाराशी बसलो. तिनं मला बघितलं अन् त्या दिवशी अंघोळच केली न्हाई. म्हणली, मी काय लेकरू हाय का राखण करायला? मग उन्हाळ्यात तो कोपरा फाटला. मी आपलं बाहेरून विचारलं, पाणी थांबून राहिलं का? तिनं सांगितलं, न्हाई म्हणून. तव्हा मला सुचलं. बोलून राहिली म्हंजे उभी हाय." काकांनी तोटी सरळ केली. "सांधा भरला तर मी काय म्हणून बसू तिथं? तुम्हीच सांगा."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्या माणसासमोर लपवावंसं वाटलं नाही. रोज पोळ्या लाटताना मी ज्याला मनातल्या मनात विक्षिप्त म्हणत होते, तो रोज सकाळी जीव मुठीत धरून दाराबाहेर बसत होता.

"प्रशांतला सांगा ना हे," मी म्हटलं.

"न्हाई. तो आईला सांगंल. तिला कळलं की मी राखण करून राहिलो, तर बंद. एक शब्द बोलणार न्हाई आतून. तुम्ही पण सांगू नका, ताई."

मी कबूल केलं. पण ओल कुणाचं ऐकत नाही. ती चढत चढत हॉलमधल्या विजेच्या बोर्डापर्यंत आली. बाई रोज सकाळी त्याच बोर्डावरून गिझर लावायच्या. प्रशांतनं बोर्डाजवळच्या ओल्या भिंतीला टेस्टर लावला आणि त्यातला दिवा लागला, तेव्हा काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुढं एकही कारण सांगितलं नाही. टेबलावरची गन उचलली, पँट दुमडली आणि आत जाऊन गुडघ्यांवर बसले. मी दारात उभी होते. अर्धं ग्राउट, अर्धं सिलिकॉन, सगळं खरवडून त्यांनी कोपरा कोरडा केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच वळी ओढली. एवढं सुबक काम मी त्यांचंसुद्धा बघितलं नव्हतं. साबणाचं बोट फिरवून झाल्यावर ते तिथंच बसून राहिले.

"झाली बाबा एकदाची चाचणी!" प्रशांत खुशीत म्हणाला.

"हाव," काका म्हणाले. "झाली."

सिलिकॉनला एक दिवस पाणी लागू द्यायचं नसतं. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अंघोळीला माझ्याकडं आल्या. मागून काका, हातात बाईंच्या कपड्यांची पिशवी. पिशवी काही जड नव्हती आणि बाई ती कुणाला धरू देणाऱ्या नव्हत्या, तरी ती काकांकडं होती. बाईंनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली, आत गेल्या, कडी लागल्याचा आवाज आला.

मी काकांना हॉलमध्ये बसा म्हटलं. ते बसले नाहीत. बाथरूमच्या दारापासून थोडं लांब, धड हॉलमध्ये नाही आणि धड पॅसेजमध्ये नाही, असे उभे राहिले. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या घरातला कोपरा त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेला, त्याच्याबद्दल विचारणार काय? पाण्याचा आवाज थांबला. काका एक पाऊल पुढं आले. काहीतरी खोटंनाटं विचारावं म्हणून मीच पुढं व्हायला निघाले.

"अवो," आतून बाईंचा आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हाव?"

"आज कामून मुके झाले?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली; मी काही सांगितलं नव्हतं.

"इथला सांधा चांगला हाय," काका दाराकडं बघत म्हणाले. "विचारासारखं काई न्हाई."

"सांध्याचं कोण बोलून राहिलं?" बाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी मनाला येईल ते सांगून राहिले. वाटलं तर थांबलं म्हणले, वाटलं तर वाहून गेलं म्हणले. एकदा तरी आत येऊन बघितलं का तुम्ही कोपऱ्यात?"

आत बादलीत तांब्या बुडल्याचा आवाज झाला आणि तिथंच थांबला.

"बोलत ऱ्हावा," बाई म्हणाल्या. आता आवाज शाळेतला नव्हता. "काई पण बोला. पडल्यापासून मला आत एकटीला भ्या वाटतं. तुमचा आवाज आला की बरं वाटतं."

काकांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, बाथरूमच्या दाराला लावून ठेवली आणि बसले. मी स्वयंपाकघरात गेले, पण दार लोटलं नाही.

"हिमायतनगरहून वैनीचा फोन आला होता," काका म्हणाले.

"काय म्हणली?"

"म्हशीला रेडी झाली."

"कव्हा?"

"काल पहाटं," काका म्हणाले, आणि आतून पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.